वाट्समानच्या चित्रासमोर नेमके काय पाहायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बर्लिनच्या आल्टे नात्सिओनालगालेरी या संग्रहालयात तुम्ही आईला घेऊन गेला होतात. तिथे कास्पार डाव्हिड फ्रीडरिख या जर्मन चित्रकाराचे ‘वाट्समान’ हे बर्फाच्छादित डोंगराचे चित्र पाहिले. शेजारचे काही लोक त्याच्यासमोर बराच वेळ थांबले होते, पण तुम्हाला ते एखाद्या चांगल्या कॅलेंडरवरच्या फोटोसारखे वाटले आणि दोन मिनिटांत तुम्ही पुढच्या दालनात गेलात. आई “एवढा डोंगर, आणि एक पाखरूसुद्धा नाही” एवढेच म्हणाली. अशा शांत निसर्गचित्रात पाहायचे तरी काय, आणि त्यासाठी आधी काही वाचून जावे लागते का, असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली तीस वर्षे निसर्गचित्रण शिकवतो आणि सुट्टीत विद्यार्थ्यांना घेऊन डोंगरदऱ्यांत चित्रे काढायला जातो. हे चित्र मी प्रत्यक्ष दोनदा पाहिले आहे. पहिल्या खेपेला माझीही अवस्था तुमच्यासारखीच झाली होती, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितो.

माझ्या मते अडचण रसिकतेची नाही, अपेक्षेची आहे. ‘शांत चित्र’ असे कुणी म्हटले की आपण एका विशिष्ट अनुभवाची वाट पाहत उभे राहतो. मराठीत ‘शांत’ हा शब्द आपण दोन निरनिराळ्या अवस्थांसाठी वापरतो. संध्याकाळी नदीच्या घाटावर पाण्यात पाय सोडून बसल्यावर जो लाभतो तो निवांतपणा; त्यात देवळातली घंटा ऐकू येते, कुणी धुणे धूत असते, आणि तरीही मन सैल होते. दुसरी अवस्था पहाटे कड्याच्या टोकावर एकटे उभे राहिल्यावर येते. तिथे आवाजच उरत नाही, आणि मन सैल होण्याऐवजी एकवटते. कॅलेंडरवरचे डोंगर आपल्याला निवांतपणा देऊ करतात. फ्रीडरिखच्या चित्रात निवांतपणा शोधला तर तो सापडत नाही, कारण त्याने तो चित्रात येऊच दिलेला नाही. दुसऱ्या प्रकारची शांतता मात्र त्याने अतिशय विचारपूर्वक रचलेली आहे, आणि ती कशी रचली आहे हे एकदा दिसू लागले की चित्रासमोरून पाय निघत नाही.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे सगळे बऱ्याच अंशी परिस्थितीवर अवलंबून असते. मोठ्या संग्रहालयात दोन तास फिरल्यावर डोळे थकतात आणि शेवटी समोर येणाऱ्या चित्राच्या वाट्याला उरलेसुरले लक्ष येते. चित्र आधी फोनवर पाहिलेले असेल तर आणखी नुकसान होते, कारण मूळ चित्र सुमारे १३५ सेंटिमीटर उंच आणि १७० सेंटिमीटर रुंद, म्हणजे जवळजवळ साडेचार फूट बाय साडेपाच फूट आहे, आणि त्याच्या आकाशातले फिकट रंगांचे बदल इतके सूक्ष्म आहेत की छोट्या पडद्यावर त्यांचा एकच पांढुरका पट्टा होतो. शिवाय प्रत्येक डोंगरचित्र पाहण्याची रीत एक नसते. अमेरिकन चित्रकार फ्रेडरिक चर्च याचे ‘हार्ट ऑफ द अँडीज’ हे चित्र १८५९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिकीट लावून दाखवले गेले, तेव्हा लोक त्यातले एकेक झाड, एकेक फूल नाटकघरातल्या दुर्बिणीतून न्याहाळत असत. ते चित्र तशाच नजरेसाठी केलेले होते. फ्रीडरिखच्या वाट्समानसमोर दुर्बीण घेऊन उभे राहिलात तर हाती फार काही लागणार नाही.

आता चित्राकडे येतो. वाट्समान हा दक्षिण जर्मनीतल्या बायर्न (बव्हेरिया) राज्यात, बेर्ख्टेसगाडेन गावाजवळ असलेला २,७१३ मीटर उंचीचा खराखुरा डोंगर आहे. फ्रीडरिखने तो १८२४–२५ मध्ये रंगवला, तेव्हा त्याचे वय पन्नाशीच्या आसपास होते. पुढच्या भागात तपकिरी-हिरवट उतार, खडक, गवत, काही लहान झाडे. त्यांच्या मागे एकामागून एक चढत जाणाऱ्या टेकड्या. आणि त्या सगळ्यांच्या वर पांढरेशुभ्र, धारदार शिखर. माणूस नाही, जनावर नाही, घर नाही. वर्णन करायला बसले तर खरोखर एवढेच आहे.

सर्वांत आधी पाऊलवाट शोधा. मी विद्यार्थ्यांना कुठल्याही निसर्गचित्रासमोर हेच करायला सांगतो. चित्राच्या खालच्या कडेवर तुम्ही उभे आहात असे समजा आणि डोंगरापर्यंत चालत जाण्याचा रस्ता नजरेने काढा. बहुतेक निसर्गचित्रांत तो सापडतो, कारण चित्रकार आपल्यासाठी तो मुद्दाम ठेवतो: एखादी वळणाची वाट, ओढा, कुंपण, पाण्यावरची उजेडाची तिरीप. त्या धाग्याला धरून नजर मागे मागे जाते आणि आपण त्या जागेत जाऊन आल्यासारखे वाटते. वाट्समानमध्ये हा धागा मिळत नाही. पुढचा उतार संपतो आणि त्यापुढची जमीन दिसेनाशी होते. मधली टेकडी दिसते, पण ती कशावर उभी आहे ते दिसत नाही. तिच्यामागच्या रांगेचेही तसेच. शिखराचा पायथा तर पूर्णपणे झाकलेला आहे. प्रत्येक थराच्या मागे एक दरी लपलेली आहे आणि ती किती खोल, किती रुंद, हे कळण्याचा कुठलाच मार्ग चित्रकाराने ठेवलेला नाही. आपण पुढच्या खडकांपाशी थांबतो, आणि तिथून डोंगर फक्त दिसतो. तिथवर जाता येत नाही.

या एका निर्णयाचा परिणाम किती मोठा असतो ते मला वर्गात नव्हे, वाईच्या परिसरात कळले. एका विद्यार्थिनीने सकाळच्या धुक्यातल्या पांडवगडाचे जलरंगातले चित्र काढले होते. वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचे पातळ थर, उत्तम उतरले होते, गडाचा निळसर करडा रंग अगदी नेमका पकडला होता, पण चित्रात काहीतरी अस्वस्थ होते आणि ते तिलाही जाणवत होते. खालच्या उजव्या कोपऱ्यातून निघून शेतातून गडाकडे जाणारी एक गाडीवाट तिने रंगवली होती, कारण ती तिथे होतीच. मी वहीच्या कागदाची पट्टी फाडून त्या वाटेवर ठेवली. क्षणभर कुणीच बोलले नाही. गड तोच, रंग तेच, पण तो एकदम मागे सरकला आणि उंच झाला. पट्टी काढली की पुन्हा जवळ यायचा. आम्ही तो प्रयोग चार-पाच वेळा केला असेल. वाट असली की पाहणारा मनातल्या मनात चालू लागतो, आणि चालणाऱ्याच्या मनात शांतता नसते, कुठेतरी पोहोचण्याची घाई असते. फ्रीडरिखने पाहणाऱ्याचे चालणेच थांबवले आहे. तुम्हाला चित्रात ‘काही घडत नाही’ असे जे वाटले ते या थांबण्यामुळे, आणि तुमचे निरीक्षण अगदी बरोबर होते. फक्त ते उणीव म्हणून नोंदवले गेले.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे दूरच्या वस्तूंचा स्पष्टपणा. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला दूरचा डोंगर कसा दिसतो हे शिकवावे लागत नाही. जवळची रांग हिरवी, तिच्यामागची निळी, त्यामागची आणखी फिकट, आणि शेवटची आकाशात विरघळून गेलेली. दमट हवा आपल्याकडे अंतर मोजून देते. फ्रीडरिखच्या चित्रात एकामागून एक रांगा आहेत, त्यामुळे शिखर फार दूर आहे हे बुद्धीला पटते. पण सगळ्यांत दूरचे ते शिखर विरघळत नाही. त्याची कड स्वच्छ आहे, बर्फावरच्या सावल्या नीट ओळखू येतात. उंचावरच्या कोरड्या, थंड हवेत असे दिसू शकते. तरी चित्रात त्याचा परिणाम वेगळाच होतो. रांगा सांगतात की हे दूर आहे, आणि कड सांगते की हे अगदी समोर आहे. डोळ्यांना दोन्हींचा मेळ घालता येत नाही, आणि त्या न सुटणाऱ्या गणितामुळे नजर पुन:पुन्हा शिखराकडे परत जाते. तुमच्या शेजारी जे लोक बराच वेळ उभे होते, त्यांच्यापैकी निदान काहींचे डोळे या परत-परत जाण्यात अडकलेले असणार.

रंगांबद्दल फार लिहीत नाही, कारण ते एकदा लक्षात आले की आपोआप दिसत राहते. खाली तपकिरी आणि हिरव्याची ऊब आहे, वर निळसर पांढऱ्याची थंडी आहे. सर्वांत जास्त उजेड सर्वांत दूरच्या ठिकाणी आहे. रंग पातळ थरांनी चढवलेले असल्याने कुंचल्याचे फटकारे जवळजवळ दिसत नाहीत, आणि चित्रकाराचा हात दिसत नाही म्हणून तिथे त्याचीही वर्दळ जाणवत नाही. एवढे मात्र करून पाहा: मधल्या भागातल्या खडकांचा आकार आणि शिखराचा आकार यांची तुलना करा. खालचा खडक हा वरच्या शिखराचाच लहान, खडबडीत, तपकिरी प्रतिध्वनी आहे. आपल्या आवाक्यातले आणि आवाक्याबाहेरचे अशी एकाच आकाराची दोन रूपे एकाखाली एक ठेवलेली आहेत, आणि चित्राचा सगळा तोल त्यावर उभा आहे.

इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सुरू होते, कारण त्या खडकांची हकिकत वाचल्याशिवाय कळत नाही. फ्रीडरिखने आल्प्स पर्वत आयुष्यात कधी पाहिला नाही. बाल्टिक किनाऱ्यावरच्या ग्राइफ्सवाल्डमध्ये १७७४ साली जन्मलेला हा माणूस कोपनहेगनला शिकला, १७९८ पासून ड्रेस्डेनमध्ये राहिला आणि १८४० मध्ये तिथेच वारला. इटलीला तो गेला नाही, बायर्नच्या डोंगरांतही नाही. वाट्समानचे शिखर त्याने आउगुस्ट हाइनरिख या तरुण चित्रकाराच्या जलरंगातल्या अभ्यासचित्रावरून घेतले. हा हाइनरिख १८२२ मध्ये अकालीच गेला होता. आणि पुढचे खडक? ते उत्तर जर्मनीतल्या हार्त्स डोंगरातले आहेत, जिथे फ्रीडरिख १८११ मध्ये पायी हिंडला होता. तिथल्या ट्रुडेनश्टाइन नावाच्या खडकाचे स्वतः केलेले रेखाटन त्याने जपून ठेवले आणि तेरा-चौदा वर्षांनी आल्प्सच्या पायथ्याशी नेऊन बसवले. बेर्ख्टेसगाडेनला जाऊन कुठूनही पाहिले तरी हे दृश्य दिसणार नाही.

कुणी म्हणेल, मग ही तर बनवाबनवी झाली. मला उलट वाटते. ही माहिती कळल्यावर आपण चित्राला ‘ठिकाण’ म्हणून पाहणे सोडतो आणि ‘रचना’ म्हणून पाहू लागतो. फोटोत दिसणारी दरी तिथे असते म्हणून दिसते. या चित्रातली प्रत्येक लपलेली दरी कुणीतरी ठरवून लपवलेली आहे. फ्रीडरिखचा स्नेही कार्ल गुस्ताव कारुस याने त्याच्या कामाची पद्धत लिहून ठेवली आहे. तैलचित्रासाठी तो आधी रंगीत आराखडे करत नसे, कारण त्याने कल्पना थंडावते असे त्याला वाटे. चित्र मनात पूर्ण उभे राहिले की मग तो कॅनव्हासवर खडू आणि पेन्सिलीने, नंतर बोरू आणि शाईने स्वच्छ रेखाटन करी आणि मग रंगाला हात लावी. गेओर्ग फ्रीडरिख केर्स्टिंग या मित्राने रंगवलेली त्याच्या कामाच्या खोलीची चित्रे पाहिली तर खोली जवळजवळ रिकामी दिसते. खिडकीचा खालचा भाग बंद, भिंतीवर टी-स्क्वेअर आणि पट्ट्या टांगलेल्या. ज्या माणसाने बाहेरचे दृश्य दिसू नये म्हणून खिडकी अर्धी झाकली, त्याच्या डोंगरात काय नाही याकडे आपण अधिक लक्ष द्यायला हवे.

तुलनेसाठी एक सोय इतिहासानेच करून ठेवली आहे. लुडविग रिख्टर हा विशीतला चित्रकार १८२३ मध्ये ड्रेस्डेनहून इटलीला निघाला, वाटेत त्याने वाट्समान स्वतः पाहिला आणि रोममध्ये १८२४ साली त्याचे मोठे चित्र रंगवले. ते ड्रेस्डेनमध्ये प्रदर्शितही झाले. फ्रीडरिखचे चित्र त्याच्यानंतरचे. रिख्टरचे चित्र म्युनिकच्या नॉये पिनाकोटेक या संग्रहालयाच्या मालकीचे आहे. ते उभ्या आकाराचे आहे; त्यात पुढे फेसाळता धबधबा आहे, झाडांची दाटी आहे, मग कुरण, आणि वर तेच शिखर. नजर पाण्याच्या धारेला धरून सहज वर चढते. डोंगर प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाने त्यात जे जे पाहिले ते सगळे दिले, आणि चित्र प्रसन्न, भरलेले, बोलके झाले. ज्याने डोंगर पाहिलाच नव्हता त्याने धबधबा काढून टाकला, कुरण काढून टाकले, आवाज काढून टाकला. दोन्ही चित्रे संगणकाच्या पडद्यावर शेजारी-शेजारी ठेवून पाच मिनिटे पाहा. माझ्या अनुभवात या एका तुलनेने जेवढे समजते तेवढे दहा व्याख्यानांनी समजत नाही. मला रिख्टरचे चित्रही आवडते. घरात लावायला दोन्हींपैकी एक निवडायचे झाले तर बहुतेक लोक तेच निवडतील, आणि त्यात चूक नाही. तिथे निवांतपणा आहे.

वाचनाबद्दल एवढेच सांगतो की सगळी माहिती पाहण्याच्या उपयोगाची नसते. वाट्समान हा मूळचा क्रूर राजा, शापाने तो बायकामुलांसह दगड झाला, अशी त्या भागातली दंतकथा आहे. ती चित्रात कुठेच उतरलेली नाही, म्हणून तिच्यामागे लागू नये. हे शिखर म्हणजे ईश्वराचे प्रतीक, असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. फ्रीडरिख श्रद्धाळू प्रोटेस्टंट होता आणि त्याच्या इतर चित्रांतले क्रूस पाहता ते अगदी संभवनीय आहे. तरी माझा सल्ला असा की तिथून सुरुवात करू नका. ‘शिखर म्हणजे देव’ हे आधीच कळले की डोळ्यांचे काम संपते आणि आपण पाटी वाचून पुढे जातो. आधी न मिळणारी वाट, न दिसणारा पायथा आणि न विरघळणारी कड यांचा अनुभव घ्या. त्यानंतर तो अर्थ पटला तर तो तुमचा स्वतःचा असेल, न पटला तरी चित्र तुमच्याकडे राहील.

एक माहिती मात्र पाहण्याच्या उपयोगाची नसली तरी असावी, असे मला मनापासून वाटते. हे चित्र १९३७ मध्ये एका ज्यू मालकाला नाझी राजवटीतून बाहेर पडण्यासाठी पैसे उभे करताना विकावे लागले आणि तेव्हा ते बर्लिनच्या संग्रहालयाकडे आले. २००२ मध्ये ते वारसांना परत करण्यात आले. त्यानंतर एका जर्मन बँकेने ते विकत घेतले आणि दीर्घ मुदतीने त्याच संग्रहालयात ठेवायला दिले. भिंतीवरची कुठलीही शांतता तिथे कशी पोहोचली, हे तिच्यासमोर उभ्या राहणाऱ्याला ठाऊक असलेले बरे.

तुम्ही जर्मनीतच राहता, त्यामुळे पुन्हा जाणे शक्य आहे. जाल तेव्हा क्रम उलटा करा. थेट फ्रीडरिखच्या दालनात जा, इतर चित्रे नंतर पाहा. सुरुवातीला तीनएक मीटर अंतरावर उभे राहा आणि डोळे किंचित बारीक करा, म्हणजे गवत-दगड नाहीसे होऊन खालचा गडद आणि वरचा उजळ असे दोनच भाग राहतील. मग वाट शोधा, ती मिळणार नाही. मग पायथा शोधा, तोही मिळणार नाही. मग हात डोळ्यांसमोर धरून पुढचे खडक झाका आणि शिखराचे काय होते ते पाहा. ते लहान होते आणि खरोखर कॅलेंडरवर जाऊन बसते. हात काढला की परत उंच होते. हे सगळे सात-आठ मिनिटांत होते. नंतरची दोन मिनिटे काहीही न शोधता उभे राहा.

आणि शक्य असेल तर आईंना पुन्हा बरोबर न्या. त्यांचे वाक्य तुम्ही न समजल्याची खूण म्हणून सांगितले आहे, पण डोंगर पाहिला की आधी पाखरे शोधणारी नजर त्यांच्याकडे आहे आणि ती नाहीत हे त्यांनी पहिल्या मिनिटात ओळखले. मी इतका वेळ जे समजावून सांगत होतो ते त्यांनी तिथे उभ्या उभ्या म्हटले होते. त्यांना आणखी काय काय नाही असे वाटले, ते या वेळी विचारा.